जुम्मा बाजारातलं बाराशेचं पाकीट

गुरुवारी रात्रीच गिरगावात मावशीकडे मुक्काम टाकला. शुक्रवारी पुण्याहून निघून चोर बाजार गाठायचा म्हणजे माल उठल्यावर पोहोचणं. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्यांच्यापुढे रस्त्यावर पहाटेच चादरी पसरून जुम्मा बाजार भरतो. मावशीने चहा दिला, वर "भंगार आणायला एवढ्या पहाटे?" हेही ऐकवलं.

साडेपाचला नळबाजाराशी टॅक्सी सोडली. माणसं मोबाइलच्या उजेडात माल चाचपत होती. नळ, चार्जर, एकाच पायाचे बूट. मी शोधतो ते फक्त विमान कंपन्यांचं सामान : लगेजची लेबलं, वेळापत्रकं, अॅशट्रे. बॉबी कूका आणि उमेश राव यांनी १९४६मध्ये घडवलेला एअर इंडियाचा महाराजा आता इतक्या ठिकाणी नव्याने 'जुना' होतो, की त्याच्या वाटेला मी जात नाही.

पहिल्याच चादरीवर एनॅमलची पाटी. वर 'एअर-इंडिया इंटरनॅशनल', खाली कुबडवालं जम्बो जेट विमान, कडेला सुबक गंज. पोरगा म्हणाला, "साठ साल पुराना है, साब." अहो, नावातलं 'इंटरनॅशनल' १९६२मध्येच गळलं आणि पहिलं जम्बो, 'एम्परर अशोक', आलं १९७१मध्ये! शिवाय स्क्रूच्या भोकांपाशी एकही टवका नाही. खरं एनॅमल स्क्रू आवळताना उडतं, खालचा काळपट पत्रा दिसतो. इथे रंग भोकाच्या कडेपर्यंत गुळगुळीत. अशीच एक पाटी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मी साडेचार हजारांना घेतली होती. ती माळ्यावर आहे. बायकोला किंमत अजून सांगितलेली नाही.

दीड तास हाती काही नाही. मग एका चाचांच्या बिस्किटाच्या डब्यात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, टपालाचं एक पाकीट सापडलं. ८ जून १९४८, मुंबई ते लंडन, एअर-इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं उड्डाण. कैरो, जिनिव्हा करत 'मलबार प्रिन्सेस' लंडनला गेलं ते हे. त्या निमित्ताने काढलेलं बारा आण्यांचं निळं-काळं टपाल तिकीट कोपऱ्यात, त्यावर कॉन्स्टलेशन विमान. भिंग काढलं. शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरली होती. तिकीट नंतर चिकटवलेलं असतं तर रेघ कडेला तुटली असती. पाकीट उलटलं. मागे लंडनचा शिक्का, तारखेचा आकडा अर्धाच उमटलेला. मला तोच हवा होता. नुसतं छापलेलं पाकीट कुणीही विकेल, हे उडून पोहोचलेलं होतं.

हेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५०ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. आतल्या ४८ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. हे आठवलं आणि घासाघीस करायची इच्छा जरा मंदावली. तरी केली. चाचा अडीच हजारांवरून बाराशेवर आले, तेही "सुबह की बोहनी है" म्हणत.

घरी मावशीने ते उजेडात धरून आत डोकावून पाहिलं.

"पत्र कुठाय?"

म्हटलं, संग्राहक तेव्हा स्वतःलाच अशी पाकिटं पाठवायचे, आत बहुधा काहीच नसायचं.

"म्हणजे बाराशेला रिकामं पाकीट?"