सेकंदाला एक

माझ्या हार्डडिस्कवर ‘ट्रॅक 01’ नावाची बेचाळीस गाणी होती. गायक बहुतेक ठिकाणी एकच, ‘अननोन आर्टिस्ट’. एवढं काम मिळालेला दुसरा कलाकार नसेल.

एका रविवारी टॅगिंगला, म्हणजे फाइलींमध्ये गाण्या-गायकांची नावं भरायला, बसलो. पिकार्ड हा टॅगर म्युझिकब्रेन्झ या जगभरच्या संगीताच्या खुल्या डेटाबेसला इंटरनेटवरून विचारून नावं भरतो. पण तिथला नियम आहे, सरासरी सेकंदाला एकच विनंती. त्यांचं चुकत नाही. फुकटच्या पाणपोईला कुणी टँकर लावू नये. माझे अल्बम मात्र हजारावर होते आणि धीर आधीच संपलेला.

मग कळलं, अख्खा डेटाबेसच घरी उतरवून घेता येतो. त्यातल्या मूळ माहितीचा परवाना सीसी-झीरो, म्हणजे कुणीही घ्या. तो घरी चालवायला डॉकर आलं, पोस्टग्रेस आलं. शोध चालावा म्हणून सोलर या शोधयंत्राची इंडेक्स वेगळी. माझी गाणी जेवढी जागा खातात, त्याहून जास्त जागा ही जगभरची यादी खाऊन बसली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तीन दिवस मी एकही गाणं ऐकलं नाही, फक्त काळ्या पडद्यावर पळणाऱ्या ओळी पाहिल्या.

शेवटी पिकार्डच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या जागी ‘लोकलहोस्ट’, म्हणजे माझंच मशीन, लिहिलं, पोर्ट 5000. पहिला अल्बम उजवीकडे ओढला. पापणी लवायच्या आत ओळी हिरव्या झाल्या आणि अल्बमशेजारी तो पूर्ण जुळल्याची सोनेरी चकती उगवली. त्या चकतीसाठी माणूस काहीही करेल. (मुखपृष्ठांची चित्रं बाहेरूनच यायची, आणि आवाजावरून गाणं ओळखणारी अकॉस्टआयडीची सेवाही बाहेरच. तिथे रांग होतीच.)

आता खोळंबा माझाच. एकाच अल्बमच्या अकरा आवृत्त्या समोर. ही मूळ, ती रीमास्टर, तिसरीत एक गाणं जास्त, चौथीचा फक्त बारकोड निराळा. प्रत्येकीला छत्तीस वर्णांचा आयडी, आणि माझा त्या सगळ्यांशी छत्तीसचा आकडा. आधी निदान सर्व्हरला नावं ठेवायची सोय होती.

अशातच एक चूक सापडली. एका अल्बमचं चौथं आणि पाचवं गाणं यादीत उलटसुलट लागलेलं. डेटाबेस माझ्याच टेबलाखाली घरघरत होता. म्हटलं, आत्ता दुरुस्त करतो. पण ही नुसती प्रत. आरशातल्या कपाळावर टिकली लावण्यासारखं ते. दुरुस्ती मूळ साइटवरच करायची. केली. तिथे असा बदल मतदानासाठी खुला राहतो, सात दिवसांपर्यंत. दोन गाण्यांच्या क्रमावर कोण मत देणार? कुणीच दिलं नाही.

तिथे दर तासाला ताज्या बदलांचं एक पुडकं तयार होतं. माझा सर्व्हर ती पुडकी रात्री उतरवून घेतो. आठवडाभर रोज सकाळी चहाआधी मी तो अल्बम उघडून पाहत होतो. आठव्या सकाळी चौथं पाचवं झालं होतं, पाचवं चौथं.

लगेच टॅग केलं. अर्धा सेकंदही लागला नाही.