वास येत नाही, म्हणजे पाणी चांगलं ना?

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत असो, सोसायटीच्या मीटिंगला असो, नाहीतर नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या काउंटरवर बाटली घेऊन आलेले एखादे काका असोत. "मॅडम, आमच्या पाण्याला वास येत नाही, म्हणजे चांगलं ना?" कधी उलट बाजूने, "वास मारतंय, म्हणजे केमिकल भरपूर असणार!" उभ्या उभ्या मी "टेस्ट करून घ्या" एवढंच म्हणते आणि समोरच्याला वाटतं, ही धंद्याचं बोलतेय. म्हणून एकदा बसून लिहिते.

नाकाला पाणी कळत नाही, पाण्यावरची हवा कळते. विरघळलेलं रसायन आधी हवेत यायला हवं, मग नाकाचं काम सुरू. आणि हवेत किती यायचं, पाण्यात किती राहायचं, ही वाटणी प्रत्येक रसायनाची ठरलेली असते. बंद बाटलीत पाणी आणि हवा पुरेसा वेळ एकत्र राहिली की एक लिटर हवेतलं प्रमाण भागिले एक लिटर पाण्यातलं प्रमाण हा आकडा त्या तापमानाला कायम राहतो. रसायन थोडं असलं, त्याच्या दुप्पट असलं, तरी तोच. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रींनी १८०३ साली वायूंच्या विरघळण्याचा नियम मांडला, त्यांच्या नावाने याला हेन्रीचा स्थिरांक म्हणतात.

इथे बहुतेकांचा अंदाज फसतो. जे लवकर उकळतं तेच लवकर उडतं, असं आपण धरून चालतो. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८ ला, बेन्झीन ८० ला. सगळे तसे शेजारी शेजारीच. पण हेच तिघे २५ अंशांच्या पाण्यात घालून वाटणी मोजा. बेन्झीनचा आकडा येतो ०.२२ च्या आसपास, अल्कोहोलचा ०.०००२, आणि हेक्झेनचा पन्नासच्या वर. म्हणजे अर्धी पाण्याने भरलेल्या बंद बाटलीत हेक्झेन जवळजवळ सगळं वर हवेत, बेन्झीन शेकडा १८ हवेत, आणि अल्कोहोल दहा हजारांत दोन भाग. उकळबिंदू सांगतो तो त्या रेणूंचा आपापसातला घट्टपणा. पाण्याशी त्यांचं कितपत जमतं, ते प्रकरण वेगळं. अल्कोहोलला पाणी हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतं, बेन्झीनशी त्याचं जेमतेम पटतं, हेक्झेनला तर ते थाराच देत नाही.

नाशिककरांना याचा पुरावा वाइनच्या ग्लासात मिळतो. तिच्यात शेकडा बारा-तेरा अल्कोहोल, तरी नाकाला आधी फळ लागतं. तो वास मुख्यतः एस्टर नावाच्या रसायनांचा, आणि ते असतात लिटरमागे मिलिग्रॅमांत. केळ्याचा वास देणाऱ्या आयसोअमाइल अॅसिटेटचा हेन्री आकडा अल्कोहोलच्या शंभरपट. थोडकं असून ते पुढे येतं.

आता हे आकडे मोजतात कसे? वरवर सोपं वाटतं. हवेतलं मोजा, पाण्यातलं मोजा, भागाकार करा. गोची पाण्यात आहे. बाटली उघडली, पिपेटने पाणी ओढलं की उडणारं रसायन तेवढ्यात निसटतं. मला यातली सगळ्यात आवडती दोन बाटल्यांची पद्धत, गॉसेट यांच्या १९८७ च्या शोधनिबंधामुळे रूढ झालेली. १२० मिलीच्या दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या. एकीत १०० मिली पाणी, दुसरीत २०. दोन्हींत रसायन अगदी तेवढंच सोडायचं. टेफ्लॉनचा थर असलेला सेप्टम, म्हणजे सुई टोचता येईल असं रबरी बूच, बसवायचा, वरून अॅल्युमिनियमची टोपी क्रिम्परने, म्हणजे टोपी दाबून बसवायच्या पकडीने, आवळायची. आवळलेली टोपी बोटाने फिरली तर ती बाटली सरळ बाद. मग दोन्ही एका तापमानाच्या वॉटर बाथमध्ये, आणि वाटणी स्थिरावली की गॅसटाइट सिरिंज सेप्टममधून खुपसून फक्त हवा ओढायची आणि जीसीत, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायची. दोन पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, येतात. त्यांचं गुणोत्तर आणि बाटल्यांतली पाण्या-हवेची आकारमानं, एवढ्यावर स्थिरांक निघतो. रसायन नेमकं किती टाकलं ते ठाऊक नसलं तरी चालतं, जीसीचं कॅलिब्रेशनही लागत नाही, भागाकारात दोन्ही कटतात. पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही.

बेन्झीनसाठी कमी पाण्याच्या बाटलीतलं पीक दुसरीच्या अडीचपट येतं. झकास. अल्कोहोलसाठी मात्र ४.९९५ पट. आणि जे रसायन हवेत जवळपास येतच नाही, त्याचं गुणोत्तर ५, कारण मग फरक उरतो तो निव्वळ पाण्याचा, १०० विरुद्ध २०. ४.९९५ आणि ५ मधला फरक जीसीच्या रोजच्या एक-दोन टक्क्यांच्या हेलकाव्यात बुडून जातो. अशा पाण्याला चिकटून राहणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरावी लागते. पाण्यातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहायचं आणि रसायन किती वेगाने कमी होतं ते बघायचं. त्यांचे छापील आकडेही एकमेकांशी कमी जुळतात. कीटकनाशकांच्या बाबतीत दोन तक्त्यांत दहापट फरक दिसला तर मी दचकत नाही. शिवाय कुणी हवा भागिले पाणी देतं, कुणी पाणी भागिले हवा, युनिटं निराळी. तक्त्यातला आकडा उचलण्याआधी तो कुठल्या बाजूने लिहिलाय ते बघावं.

तापमानाचा परिणाम मोठा. दर दहा अंशांना अशा बऱ्याच रसायनांचा आकडा दीड-दोन पट होतो. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे विहिरीचं पाणी निर्मळ वाटेल, तेच मे महिन्याच्या दुपारी वास मारेल, आणि दोन्ही वेळेला पाण्यातलं रसायन तेवढंच असू शकेल.

त्यात नाकाचा लहरीपणा. उन्हाळ्यात शेवाळ वाढलं की पाण्याला मातकट वास येतो, तो जिओस्मिनचा. लिटरमागे दहा नॅनोग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही, तरी नाक तक्रार करतं. त्या प्रमाणात ते निरुपद्रवी आहे. बेन्झीन कॅन्सरकारक. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, पण पाण्यातलं बेन्झीन हुंगून कळायला ते मिलिग्रॅमच्या घरात लागतं. म्हणजे मर्यादेच्या शेकडोपट होईपर्यंत नाक गप्प. नायट्रेट, आर्सेनिक यांचा तर प्रश्नच नाही, ती पाण्यातून हवेत येतच नाहीत.

तेव्हा काकांना माझं उत्तर "नाही" असंच आहे. त्यावर ते बिसलेरीची अर्धी बाटली पुढे करतात, "वाटेत चार-पाचदा हुंगून पाहिलं, काही नाही." आता हिशेब करा. पाण्यात बेन्झीन असेल, तर अर्ध्या बाटलीत त्यातलं शेकडा १८ वर हवेत बसलेलं. दर वेळी झाकण उघडून ती हवा पूर्ण बदलली, तर पाचव्या वेळेनंतर शेकडा ३७ उरलं. म्हणून अशा तपासणीला आम्ही ४० मिलीच्या काचेच्या छोट्या बाटल्या देतो. काठोकाठ भरायच्या, उलटी करून बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायच्या, बर्फात आणायच्या.

शंका फिनॉल या रसायनाची असेल तर यातलं काही नको. त्याचा आकडा अल्कोहोलपेक्षाही कितीतरी लहान, हवेत शोधून उपयोग नाही. आणि भारतीय मानकातली मर्यादा तर ०.००१ मिलिग्रॅम. त्याला अर्धा लिटर पाणी ऊर्ध्वपातनाला, म्हणजे उकळून वाफ थंड करून गोळा करायला, लावावं लागतं आणि ते इतकं रेंगाळत बाहेर येतं की ४५० मिली जमल्यावर थांबून, वरून ५० मिली कोमट पाणी घालून, पूर्ण ५०० मिली होईपर्यंत पुन्हा चालवतात. तेव्हा कुठे रंगाची चाचणी करता येते. त्यासाठी काचेची मोठी बाटली लागते, आणि पाणी टिकावं म्हणून त्यात आम्ही आधीच थोडं सल्फ्युरिक अॅसिड घालून देतो. ती विसळू नका.