सिल्व्हर ईगल आणि ७०चं वेड

सिल्व्हर ईगल, म्हणजे अमेरिकन टांकसाळीची चांदीची नाणी, जमवतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, १९९६चं आहे का? कारण बुलियन ईगलमध्ये, म्हणजे चांदी म्हणून विकायच्या साध्या ईगलमध्ये, सगळ्यात कमी मिंटेज (किती नाणी पाडली तो आकडा) त्याच वर्षाचं, ३६,०३,३८६. पण मला सांगा, छत्तीस लाख म्हणजे काय दुर्मिळ झालं का? सुटं नाणं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या प्लॅस्टिक डबीत बंद नसलेलं, आजही मिळतं, जरा जास्त डॉलर मोजायचे, बस. खरी मारामारी आहे ती एमएस-७०साठी, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने ७०पैकी ७० दिलेलं, पाचपट मोठं करून बघितलं तरी ओरखडा नाही डाग नाही असं नाणं.

आणि ते का मिळत नाही तर १९८६ला हे ईगल काढले तेच मुळात चांदी विकायला, वीस-वीस नाणी एका प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये एकावर एक, .९९९ची मऊ चांदी, ट्यूब हलली की नाण्यावरच्या लिबर्टी देवीच्या पायावर नाहीतर छातीवर बारीक खूण पडलीच. त्यातून वाचलेलं नव्वदच्या दशकातलं ७० मग हजारो डॉलरला जातं. हल्लीच्या वर्षांचे ७० ढिगाने निघतात, त्यांच्या डबीवर झेंडेवाली लेबलं लावून जादा पैसे मागतात, ते मी घेत नाही. ९५चं डब्ल्यू (वेस्ट पॉइंट टांकसाळीची खूण असलेलं) वेगळं, ते प्रूफ, म्हणजे खास संग्राहकांसाठी चकचकीत पाडलेलं, फक्त ३०,१२५ नाणी, सोन्याच्या ईगलसोबत ९९९ डॉलरच्या सेटमध्येच मिळायचं, आपल्या खिशाबाहेरचं काम.

मी ६९वर खूश आहे. ६९ आणि ७०मधला फरक मला भिंगातूनही धड दिसत नाही आणि भावात मात्र जमीन-अस्मान. शिवाय मिल्क स्पॉटची भीती आहेच, पांढरट दुधाळ डाग, नाणं पाडण्याआधी चकत्या धुतात त्या केमिकलमुळे येतात म्हणे, आणि स्लॅबमध्ये, म्हणजे त्या ग्रेडिंगच्या डबीत, सीलबंद नाण्यावरही नंतर उगवतात, म्हणजे ७०चे पैसे दिले तरी गॅरंटी काही नाही! घासून काढावेत तर नाण्याची किंमतच गेली. हे आईला कोण सांगणार, दिवाळीत इकडे आली होती तर म्हणे, अरे ते प्लॅस्टिक फोड, चिंचेनं घासते, लक्ष्मीपूजनाला कसं लखलखीत दिसेल. शेवटी एक सुटं नाणं तिच्या हवाली केलं.

आता १९९४चं शोधतोय, ४२ लाखांच्या आसपास मिंटेज, तेही ६९च. विकणाऱ्याकडे तिरक्या उजेडातला फोटो आवर्जून मागा, समोरून फ्लॅश मारला की डाग दिसतच नाहीत.