हे न्यायालयाने म्हटले, की चार न्यायमूर्तींनी?

विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला असताना मी खासगीपणाच्या अधिकारावर एक लेख लिहून विद्यार्थीच संपादित करत असलेल्या एका विधी नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकाला लेखकाची ओळख कळू नये म्हणून लेखातून नाव आणि महाविद्यालयाचा उल्लेख काढायचा होता, शब्दमर्यादा पाळायची होती. एवढे सोपस्कार अर्ध्या दिवसात उरकले. काही आठवड्यांनी लेख ‘सुधारणांसह पुनर्विचारासाठी’ म्हणून परत आला आणि खरे काम तिथून सुरू झाले.

पहिला प्रश्न अकराव्या तळटीपेवर होता. खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच खडकसिंग प्रकरणात मान्य केले, असे मी ठामपणे लिहिले होते. समासात संपादकांनी एवढेच विचारले होते: ‘बहुमताच्या निकालातला परिच्छेद दाखवाल का?’ मूळ निकालपत्र मी तोवर उघडलेच नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे. ती तळटीप मी दुसऱ्या एका लेखातून जशीच्या तशी उचलली होती. ग्रंथालयात बसून निकाल वाचला, तेव्हा कळले की सहा न्यायमूर्तींच्या त्या पीठातील बहुमताने पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटींची तरतूद रद्द केली खरी, पण खासगीपणा हा संविधानाने हमी दिलेला अधिकार नाही, असेही स्पष्ट म्हटले होते. मी उद्धृत केलेले मत न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी स्वतःच्या आणि न्यायमूर्ती शाह यांच्या वतीने दिलेल्या अल्पमतातले होते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने पुढे तोच दृष्टिकोन उचलून धरला, म्हणून ते मत महत्त्वाचे आहे. पण 1962 मध्ये तो कायदा नव्हता, आणि माझ्या वाक्याने वाचकाला नेमके उलटे सांगितले असते.

दुसरी हरकत अधिक सूक्ष्म होती. खासगीपणावर मर्यादा घालणाऱ्या कृतीला कायद्याचा आधार, राज्याचा वैध हेतू आणि प्रमाणबद्धता (म्हणजे हेतूच्या मानाने कृती अतिरेकी नसणे) या तीन कसोट्या ‘न्यायालयाने घालून दिल्या’, असे मी पुट्टस्वामीचा हवाला देऊन लिहिले होते. संपादकांचे म्हणणे असे, की नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठाने एकमुखाने निर्णय दिला असला तरी मते सहा लिहिली गेली आणि या तीन कसोट्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी चौघांच्या वतीने लिहिलेल्या मतात आहेत. नवांपैकी चार म्हणजे बहुमत नव्हे. मग मी सहाही मते सलग वाचली. न्यायमूर्ती कौल यांच्या मतात चौथी अट सापडली: अधिकाराच्या गैरवापराविरुद्ध कार्यपद्धतीची हमी. माझ्या मसुद्यात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता.

बाकीच्या शेऱ्यांपैकी काही मला पटले नाहीत. संदर्भातल्या स्वल्पविरामांच्या जागांवर आमचा जो वेळ गेला, तो मला आजही अवाजवी वाटतो. मात्र निकालांचा इतिहास सांगण्यात निम्मा लेख खर्ची पडतो आणि तुमचा स्वतःचा मुद्दा फार उशिरा येतो, ही टीका रास्त होती. तो इतिहास मी दोन परिच्छेदांत आणला आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकच प्रश्न धरला: पाळत ठेवण्याला परवानगी देणारा कायदा तीन कसोट्यांवर टिकतो आणि चौथीवर अडतो, तेव्हा नंतरच्या खंडपीठांवर त्या चौथ्या अटीचे बंधन किती?

पुढच्या फेरीत संपादक मंडळातील दोघांनी प्रत्येक तळटीप मूळ निकालपत्राशी ताडून पाहिली. मीही त्यांना प्रत्येक संदर्भाचा परिच्छेद क्रमांक आधीच कळवून ठेवला होता. छापून आलेल्या लेखात ‘न्यायालयाने म्हटले’ हे शब्द फक्त पीठाच्या सामाईक आदेशाबद्दल आहेत. इतर प्रत्येक ठिकाणी कोणत्या न्यायमूर्तींनी आणि किती जणांच्या वतीने, हे तळटीपेत नोंदवले आहे.