सामान लादून घाट: आधी ३४-२८, मग २६-३६

सामान लादून सायकलने घाट चढायच्या पहिल्या खेपेला माझा सर्वांत हलका गिअर होता पुढच्या चक्रीला ३४, मागच्या चक्रीला २८ दाते. रिकाम्या सायकलवर तो घाटात पुरायचा, म्हणून शंकाच आली नाही. दुसऱ्या दिवशी ११ किलोमीटरचा चढ लागला, बहुतेक ठिकाणी ८ टक्के. सामान १८ किलो, सायकल १४, मी ७५. तिसऱ्या किलोमीटरलाच उभं राहून पेडल मारायला लागलो. पण पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) भरलेली सायकल उभ्याने चालवली की मागून डुलते, जोर वाया जातो. शेवटचे चार किलोमीटर ढकलत. ढकलतानाही सुख नाही, पिशवी पोटरीवर आपटत राहते.

रात्री गुडघे चोळत हिशेब मांडला. ७०० मापाच्या चाकावर ३४-२८ मध्ये पेडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे २.६ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे हवेत तर ताशी साडेनऊ किलोमीटर, आणि त्या चढावर साधारण २४० वॉट ताकद. मी तासभर टिकवू शकतो ते दीडशे. म्हणजे फेरे चाळिसाच्याही खाली जाणार आणि सगळा भार गुडघ्यांवर येणार. आलाच.

वर्षभराने तोच घाट २६-३६ वर चढलो. तेच ६० फेरे, ताशी साडेपाच किलोमीटर, दीडशेच्या आत वॉट. कंटाळवाणं, पण बसून. याहून हळू गेलं तर हँडल डगमगतं, त्यामुळे आणखी हलका गिअर फक्त फार उभ्या चढापुरता.

बदल करणार असाल तर एकटी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बदलून भागत नाही. मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) दोन बंधनं बघा: सर्वांत मोठी चक्री किती दात्यांची चालते, आणि एकूण क्षमता, म्हणजे पुढच्या मोठ्या-लहान चक्रीतला दात्यांचा फरक अधिक मागचा फरक किती चालतो. माझ्याकडे पुढे ४८-३६-२६, मागे ११-३६, म्हणजे २२ अधिक २५, ४७. एवढ्याला लांब केजच, म्हणजे चेन ताणून धरणारा डिरेलरचा लांब हातच लागतो. चेनही लांब हवी; पुढची मोठी आणि मागची मोठी चक्री अशी जोडी चुकून पडली आणि चेन तोकडी असली, तर डिरेलर मोडतो. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास ११० मिमी असलेल्या रोड सायकलच्या क्रँकला (पेडलचा दांडा) ३३-३४ दात्यांहून लहान चेनरिंग (पुढची चक्री) बसत नाही, तिथे क्रँकच बदलावा लागतो. रोड सायकलचे शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) असतील तर ते केबल जेवढी ओढतात ती ओढ पुढच्या डिरेलरशी जुळते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

४८-११ चा गिअर सबंध सहलीत वापरलाच नाही. लादलेल्या सायकलवर उतारात पेडल मारतो कोण, दोन्ही हात ब्रेकवरच असतात.