नोंद नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. संस्कार, शिस्त, वक्तशीरपणा हे शब्द माझ्याआधी पाच-पन्नास जणांनी लिहिलेच असतील. मला आठवला तो एक लोहचुंबक. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा, लाल रंग उडालेला, दोरा बांधून खिळ्याला टांगलेला.

मैदानाच्या कोपऱ्यात, कुंपणापाशी, शाळेचं ‘हवामान केंद्र’ होतं. नाव मोठं, ऐवज तेवढाच: एक पर्जन्यमापक आणि पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत टांगलेला कमाल-किमान तापमापक. आठवीत विज्ञानाच्या सरांनी नोंदवही माझ्या हातात दिली. माझी निवड गुणांमुळे झाली असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं कारण नंतर कळलं. मी रोज उशिरा यायचो, आणि प्रार्थनेच्या घंटेआधी दहा मिनिटं मैदानावर हजर असणं ज्याला भाग पडेल असं काहीतरी सरांना माझ्यासाठी हवं होतं.

काम जेमतेम तीन मिनिटांचं. पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, आतल्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून खालच्या वक्राशी आकडा वाचायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मी पुस्तकात वाचण्याआधी तिथेच शिकलो. पाऊस नसेल तर रकाना मोकळा सोडायचा नाही, ‘निरंक’ लिहायचं. मग तापमापक. त्याच्या यू आकाराच्या नळीत पारा असतो आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर पोलादाच्या बारीक निशाण्या. पारा त्यांना ढकलतो आणि माघारी फिरतो, त्या मात्र टोकाला पोचल्या तिथेच अडकून राहतात. एक दिवसाचं कमाल दाखवते, दुसरी किमान. आकडे लिहून झाले की चुंबकाने दोन्ही निशाण्या खाली ओढून पाऱ्याला टेकवायच्या. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशीचं वाचन बिनकामाचं.

पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्यात कंटाळा आला. आकड्यांत काही घडतच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी नोंद शिपाईमामा घ्यायचे, आणि त्यांची एकही ओळ कधी चुकली नाही. मला त्याचा थोडा रागच यायचा.

मग नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार मी पेटीपाशी फिरकलोच नाही. बुधवारी दुपारी बाकावर बसून तिन्ही दिवसांचे आकडे भरून टाकले. किमान १४, १५, १४. अगदी पटण्यासारखे. गुरुवारी सरांनी वही मागितली, पान पाहिलं आणि विचारलं, “चुंबक कुठे असतं रे?”

“पेटीत, सर. खिळ्याला.”

सरांनी टेबलाचा खण उघडून चुंबक बाहेर काढलं. शनिवारी नववीच्या प्रयोगासाठी नेलेलं, परत टांगायचं राहून गेलेलं. “मग तीन दिवस निशाण्या खाली आणल्यास कशा? फुंकर मारून?”

सगळा वर्ग हसला. मला वाटलं, वही गेली आता. सरांनी ती काढून घेतली तर नाहीच, उलट लाल पेन दिलं. तिन्ही ओळी खोडायच्या आणि पुढे ‘नोंद नाही’ असं लिहायचं. मी कुरकुरलो की पान घाण दिसेल. सर म्हणाले, “नोंद नाही हीसुद्धा नोंदच आहे. लिही. आणि उद्या घंटेआधी ये.”

त्याच आठवड्यात त्यांनी तासाला हाइन्‌रिश श्वाबे या जर्मन औषधविक्रेत्याची गोष्ट सांगितली. माझ्याकडे न बघता सांगितली, पण कुणासाठी होती ते मला समजलं. बुधाच्याही आत सूर्याभोवती एखादा ग्रह फिरत असेल, तो सूर्यबिंबावरून सरकताना ठिपक्यासारखा दिसेल, अशी श्वाबेची आशा. पण सूर्यावर डागही असतात. ग्रह वेगळा ओळखायचा तर प्रत्येक डागाची नोंद हवी. म्हणून १८२६ पासून आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी तो दुर्बिणीने सूर्य पाहून डाग टिपत राहिला. १७ वर्षं. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण वह्या चाळताना डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते-घटते, हे त्याच्या लक्षात आलं. आज आपण ते चक्र सुमारे ११ वर्षांचं मानतो. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८५७ मध्ये त्याला सुवर्णपदक दिलं. आणि शोध लागल्यावर त्याने वही मिटली का? छे, पुढेही वीसहून अधिक वर्षं तो डाग मोजतच होता.

‘रोज एक टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल’ हा हिशोब हल्ली फार ऐकू येतो. गणित बरोबर आहे, १.०१ चा ३६५ वा घात ३७.८ च्या आसपास येतो. पण माणूस म्हणजे मुदतठेव नव्हे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी साधी गोष्ट बारा आठवडे करायला सांगितली होती. ती आपसूक होऊ लागायला लागणारा काळ मधल्या आकड्याने ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यांचा आलेख चक्रवाढ व्याजाच्या नेमका उलटा आहे. सुरुवातीला भराभर चढतो आणि मग सपाट होतो. त्या सपाटीवर काही घडत नाही असंच वाटतं. माझा दुसरा महिना तोच होता, इतकंच की तेव्हा मला तो स्वतःचा आळस वाटला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही. सरांनी हा अभ्यास वाचलेला असणं शक्य नव्हतं, तो फार नंतरचा. पण वही परत देताना त्यांनी वागण्याचा हिशोब नेमका तोच धरला होता.

पुढे मी पंपांच्या देखभालीच्या कामात पडलो. तिथे नोंदवहीचं नाव लॉगशीट. दर पाळीला बेअरिंगचं तापमान, दाब, मोटरचा करंट. नवीन आलेली मुलं बसल्या जागी रीडिंग भरतात आणि ती मला पान बघताच कळतात, यात माझी हुशारी काही नाही. खोटे आकडे फार गुळगुळीत असतात. खऱ्यात एखादा दिवस उगाच वर जातो, एखादा खाली येतो, एखाद्या पानावर ग्रीसचा अंगठा असतो. एकदा एका बेअरिंगचा आकडा अडीच महिन्यांत ५८ वरून ६६ वर गेला. एकाही दिवशी धोक्याची घंटा वाजली नाही, कालच्यापेक्षा आज फार असं कधीच झालं नाही. ओळीने पानं उलटली तेव्हाच दिसलं. उघडलं तर आतली कडी झिजलेली.

हे कर्तृत्व म्हणून सांगत नाही. मी शिस्तीचा नव्हतो आणि आजही फारसा नाही, घरी विचारा. शिस्तीची होती ती घंटा. वही कायम दाराजवळच्या त्याच खुंटीला असायची, पेन तिला दोऱ्याने बांधलेलं, पेटी वर्गाच्या वाटेवरच. वेळ आणि जागा ठरलेली असली की मनाला दरवेळी विचारावं लागत नाही. निग्रहाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी कधीतरी त्या खुंटीबद्दलही बोलावं.

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१३ होता. आता ४२० च्या पुढे आहे. त्या नोंदींच्या प्रसिद्ध आलेखात १९६४ च्या सुरुवातीला काही महिन्यांची फट दिसते. पैसे कापले गेले, मोजमाप थांबलं. फट तशीच ठेवलेली आहे. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी, भर कार्यालयात, मोठ्याने हसलो होतो.

महोत्सवाच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. पेटी राहिलेली नाही, चौथरा आहे. प्रदर्शनासाठी काढलेल्या जुन्या कागदांत नोंदवही सापडली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण ते पान शाबूत. तीन लाल रेघा, तीनदा ‘नोंद नाही’. गुरुवारच्या ओळीत एकच तापमान आहे, त्या वेळचं, आणि समोर सरांच्या अक्षरात ‘चुंबक जागेवर ठेवले’. त्याखाली शुक्रवार, माझं गिचमिड अक्षर: कमाल २९, किमान १२, पाऊस निरंक.