नानांची पेटी आणि काळी वायर

छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात माझे मोटार रिवाइंडिंगचे आणि विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. 2001 पासून मी ते चालवतो. जळालेल्या पाणबुडी मोटारी, उंदरांनी कुरतडलेले कूलर, ताक सांडून बंद पडलेले मिक्सर हे सगळे एवढ्या वर्षांत पाहून झाले आहे; मात्र गेल्या वर्षी मे महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने मला जे काम सांगितले, त्याचे बिल कशाचे आणि किती करावे हे मला आजही सुचलेले नाही.

हे गृहस्थ बजाजनगरात राहतात आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले आहेत. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांची धाकटी मुलगी तीन वर्षांच्या नोकरीसाठी जर्मनीला, स्टुटगार्टजवळच्या एका गावी, निघाली होती आणि तिच्यासोबत घरातली कोणती अवजारे आणि उपकरणे द्यायची यावरून घरात आठवडाभर वाद चालू होता. नानांनी सकाळीच फोन केला. "वायरमन, मेगर घेऊन घरी या. माझं ती ऐकत नाही, अन् तिच्या आईचं मी ऐकत नाही. तुम्ही म्हणाल ते न्यायचं." मेगर म्हणजे उपकरणाच्या इन्सुलेशनमधून करंट गळतो का ते तपासायचे मीटर.

मी पोहोचलो तेव्हा बैठकीतल्या सतरंजीवर सामान मांडून ठेवले होते. एका बाजूला काकूंचा मिक्सर, पाच लिटरचा कुकर, इस्त्री, विळी आणि लोखंडी तवा होता. दुसऱ्या बाजूला नानांनी पस्तीस वर्षांत जमवलेली पत्र्याची पेटी उघडी होती, आणि तिच्यातून पान्यांचा पूर्ण संच, इंची पाने वेगळे, पाइप पाना, कानशी, हॅक्सॉ, हातोडी, पकड, टेस्टर, फ्यूजच्या तारेचे बंडल, एम-सीलच्या कांड्या, नळाचे वायसर, ॲल्युमिनियमच्या अंगाची जुनी ड्रिल मशीन आणि फ्रिजसाठी म्हणून एक स्टॅबिलायझर एवढा ऐवज बाहेर आला होता. मुलीच्या तिकिटावर तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. नुसती रिकामी पेटीच ताणकाट्यावर सहा किलो भरली.

स्टॅबिलायझरपासून सुरुवात केली, कारण तो बाजूला ठेवणे सोपे होते. आपल्याकडे उन्हाळ्यात, विशेषतः गावाकडे, व्होल्टेज एकशे सत्तरपर्यंत उतरताना मी स्वतः मोजले आहे. तिथल्या घरात ही अडचण येत नाही. फ्यूजची तारही त्याच कारणाने बाजूला गेली, कारण किटकॅट फ्यूज बांधायची वेळच तिथे येणार नव्हती. एम-सील, पाण्याच्या मोटारीच्या फूट व्हॉल्व्हचा पडदा आणि वायसरांची पुडी पाहिल्यावर मला वाटले, ही पेटी म्हणजे आपल्या शहराच्या गाऱ्हाण्यांची यादीच आहे. पैठणच्या जायकवाडीचे पाणी नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येते, म्हणून प्रत्येक घरात टाकी, मोटार आणि गळती बुजवायचे सामान असतेच. मुलीला जिथे राहायचे होते तिथल्या अडचणी वेगळ्या होत्या आणि त्या तिला अजून माहीतही नव्हत्या. टेफ्लॉन टेपचे एक रीळ मात्र मी ठेवू दिले. त्याचे वजन ते काय असणार?

विजेच्या उपकरणांबाबत नानांचे मत ठाम होते: एकही न्यायचे नाही. त्याला कारण होते. त्यांचा थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी अमेरिकेत मिशिगनला गेला तेव्हा काकूंनी हौसेने मिक्सर दिला होता. तिथे घरातल्या सॉकेटला 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ असतात. आपल्या 230 व्होल्टच्या मिक्सरचे पाते तिथे जेमतेम फिरले, चटणी काही वाटली गेली नाही, आणि मग व्होल्टेज वाढवण्यासाठी घेतलेला ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षाही जड निघाला. इस्त्रीची गत त्याहून वाईट झाली, कारण तापणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते आणि हजार वॅटची इस्त्री 120 व्होल्टवर पावणेतीनशे वॅटच्या आसपास येऊन बसते. एवढेच नव्हे, आपल्याकडून नेलेल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या त्याने तिथल्या भिंतीत ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी फळी गिट्ट्यांसकट खाली आली. तिथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड असतो. सोळा इंचांवर असलेल्या लाकडाच्या उभ्या पट्टीतच स्क्रू धरतो, मधल्या पोकळीत नाही.

मला नानांना एवढेच पटवून द्यायचे होते की परदेश म्हणजे एकच देश नव्हे. जर्मनीत आपल्यासारखेच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहेत, भिंतीही पुष्कळदा विटांच्या किंवा काँक्रीटच्या असतात, त्यामुळे मिक्सर, इस्त्री आणि ड्रिल तिथे इथल्यासारखेच चालतील. फरक आहे तो सॉकेटचा. हे ऐकून काकूंचा चेहरा उजळला आणि नानांनी लगेच ड्रिल मशीन माझ्यापुढे सरकवली. "मग ही आधी घ्या. ह्या मशीनवर मी हे सगळं घर लावलंय."

मी मेगर लावला. वायरच्या फेज-न्यूट्रलचे टोक आणि मशीनचे ॲल्युमिनियमचे अंग यांमध्ये पाचशे व्होल्टवर काटा जवळजवळ शून्यावरच राहिला. एक मेगाओहमच्या खाली काटा आला की मी उपकरण गिऱ्हाइकाच्या हातात परत देत नाही, हा माझा दुकानाचा नियम आहे. पुन्हा मोजले, तेच आले. याचा अर्थ आतल्या गुंडाळ्यांचे इन्सुलेशन थकले होते आणि करंट मशीनच्या अंगावर उतरत होता. मग इतकी वर्षे नानांना झटका कसा बसला नाही, आणि घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, कसा पडला नाही? मी प्लग उघडला. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर पिनला जोडलेलीच नव्हती. ती स्वच्छ कापून आत दुमडून ठेवली होती.

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच सांगितले की ईएलसीबी बसवल्यापासून ड्रिल लावले की तो पडायचा, म्हणून त्यांनी अर्थिंग तोडले, आणि पायात रबरी चप्पल घालून काम केले की काही होत नाही असा त्यांचा अनुभव होता. टूलरूममध्ये कुणा पोराने असे केले असते तर त्यांनी त्याला गेटबाहेर काढले असते, हेही तेच म्हणाले. मुलगी दारात उभी राहून हे ऐकत होती. मी ड्रिल माझ्या पिशवीत टाकली. तिथे मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत ड्रिल भाड्याने मिळते, आणि वर्षातून चार भोकांसाठी तीन किलोचे यंत्र विमानाने नेण्यात तसाही अर्थ नव्हता.

ड्रिलवरूनच ॲडॉप्टरचा विषय निघाला. मुलीने बाजारातून सगळ्या देशांत चालणारा एक ॲडॉप्टर आणला होता. मी मीटर लावून दाखवले की आपल्या तीन पिनच्या प्लगमधली वरची जाड, अर्थिंगची पिन त्या ॲडॉप्टरमध्ये कुठेही जोडलेली नाही. जर्मन सॉकेटमध्ये अर्थिंग बाजूच्या दोन पत्त्यांतून येते आणि त्या पत्त्यांना टेकेल असे काही त्याच्यावर नव्हतेच. मोबाइलच्या चार्जरला तो चालेल, पण लोखंडी तळाची इस्त्री त्यावर लावणे म्हणजे नानांच्या कापलेल्या वायरचाच प्रकार झाला असता. मिक्सरचा प्लग तिथे पोहोचल्यावर कापून तिथला अर्थिंगचा प्लग बसवायचा असे ठरले, आणि इस्त्री इथेच राहिली.

काकूंच्या बाजूचा निकाल मी एका जुन्या स्पीकरच्या चुंबकाने लावला. मुलीच्या घरात इंडक्शनची शेगडी होती. कुकर ॲल्युमिनियमचा, त्याच्या बुडाला चुंबक चिकटला नाही, म्हणजे तो तिथे तापणार नव्हता. लोखंडी तव्याला चिकटला. विळी मात्र मुलीला नको होती आणि काकूंना द्यायचीच होती. त्या वादात मी पडलो नाही, फक्त न्यायची असेल तर पाते गुंडाळून मोठ्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत चालणार नाही, एवढे सांगितले. बॅटरीवरच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरचे उलटे होते: त्याची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते.

उरलेल्या अवजारांतून इंची पाने गेले, कारण तिकडे सगळे मिलिमीटरमध्ये असते. 10-11 आणि 12-13 चे दोन डबल पाने, ॲलन कीचा संच, पकड, टेस्टर आणि तीन मीटरचा टेप एवढे राहिले. फुलीचे पेचकस मी ठेवू दिले नाहीत. तिकडच्या फर्निचरच्या स्क्रूंना आपल्यासारखीच फुली दिसते, पण पुष्कळदा तिच्यात आणखी चार बारीक रेघा असतात आणि आपला पेचकस तिथे घसरून खाच खातो. त्याचे बिट तिथेच घ्यावेत. सगळे मिळून काट्यावर सव्वादोन किलो भरले. मला वाटले, काम झाले.

रात्री दुकानात एका पंख्याची गुंडाळी बांधताना हातात काळी वायर होती, आणि मुलीने बोलता बोलता सांगितलेली एक गोष्ट तेव्हा डोक्यात लख्ख आली. तिने भाड्याने घेतलेल्या घरात दिवे नव्हते. तिथे भाडेकरू पुष्कळदा आपले दिवे आपणच आणून लावतो आणि छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. नाना तिला म्हणाले होते, "तुला तर मी लहानपणीच शिकवलंय, काही अवघड नाही."

सकाळी शटर न उघडताच मी बजाजनगर गाठले. घरमालकिणीने पाठवलेला छताचा फोटो मुलीच्या मोबाइलवर होता: एक काळी, एक निळी आणि एक हिरवी-पिवळी वायर. मी नानांना विचारले की यातली फेज कोणती. त्यांनी क्षणही न लावता निळीवर बोट ठेवले आणि काळी न्यूट्रल म्हणाले. आपल्या पद्धतीप्रमाणे ते बरोबरच होते. लाल, पिवळी, निळी या फेजच्या आणि काळी न्यूट्रलची, हे आयटीआयमध्ये मलाही असेच शिकवले होते. जर्मनीत मात्र निळी न्यूट्रल असते आणि तपकिरी, काळी किंवा करडी फेजची असते. थोरल्या मुलाकडे अमेरिकेतही काळी वायर जिवंतच असते, तिथली न्यूट्रल पांढरी. नानांनी मुलीला शिकवलेला रंगांचा पाठ बरोबर उलटा झाला होता, आणि ती टेबलावर चढून काळीला बिनधास्त हात घालणार होती.

मी एका पुठ्ठ्यावर काळ्या, तपकिरी, निळ्या आणि हिरव्या-पिवळ्या वायरचे बोटभर तुकडे चिकटवले, प्रत्येकाखाली तिथला अर्थ लिहिला, आणि सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले की आधी मेन बंद, मग टेस्टर, मग हात. जुन्या इमारतीत रंगांचाही भरवसा धरू नये, म्हणून टेस्टरवर बोट ठेवून ते वाक्य मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले. "काका, हे बाबांनाही एक करून द्या," ती म्हणाली. नाना हसले नाहीत, पण पुठ्ठा त्यांनीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पान्यांच्या वर ठेवला.

जूनमध्ये ती गेली. ऑगस्टमध्ये नाना ड्रिल न्यायला दुकानात आले. मी आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, बदलले होते, फील्डची गुंडाळी नव्याने बांधली होती आणि मेगरवर आता वीस मेगाओहमच्या वर येत होते. मुलीच्या घरात दिवा लागल्याचे त्यांनी सांगितले, फोटोही दाखवला. मी मशीन लावून दाखवायला प्लग उचलला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. आधी उघडा, अन् हिरवी वायर दाखवा."